असिंकआयओचा इव्हेंट लूप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी पायथनच्या असिंकआयओवर (वाट पाहावी लागणारी अनेक कामे एकत्र हाताळणारी लायब्ररी) चालणारी एक सेवा सांभाळत आहे. शेकडो सर्व्हरांकडून ठरावीक वेळाने माहिती मागवून ती डेटाबेसात टाकणे एवढेच तिचे काम असल्याने तिचा बहुतेक वेळ उत्तराची वाट पाहण्यात जातो, आणि इव्हेंट लूप, म्हणजे एक काम वाट पाहत असताना दुसरे पुढे नेणारे असिंकआयओचे चक्र, अशाच कामासाठी आहे. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. त्रास झाला तो लूप सांभाळताना, आणि त्यातला बराचसा मी स्वतःच ओढवून घेतला होता.

जुनी उदाहरणे पाहून मी गेट-इव्हेंट-लूपने लूप मिळवत असे, तो ऑब्जेक्टमध्ये साठवून ठेवत असे आणि हवा तेथे हाताने चालवत असे. ही 2014 च्या 3.4 आवृत्तीच्या काळातली रीत; 2018 मध्ये 3.7 आवृत्तीत लूप स्वतःच उघडून बंद करणारे असिंकआयओ-रन आल्यावर तिची गरज उरली नव्हती, हे मला फार उशिरा उमगले. प्रत्येक चाचणी नवा लूप उघडत असल्याने आधीच्या लूपशी बांधलेला कनेक्शन पूल (पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) ‘लूप बंद झाला आहे’ अशी त्रुटी देई. ज्युपिटरमध्ये (कोड तुकड्यातुकड्याने चालवण्याच्या नोटबुकमध्ये) नेमके उलटे होते : तेथे लूप आधीच चालू असतो, त्यामुळे रन चालत नाही, सरळ अवेट (काम पुरे होण्याची वाट पाहायला सांगणारा शब्द) लिहावे लागते. अखेर लूप साठवणारी प्रत्येक ओळ काढली, रन एकाच ठिकाणी ठेवला आणि पूल त्याच्या आत तयार केला. 3.14 मध्ये तर चालू लूप नसताना गेट-इव्हेंट-लूप नवा लूप न बनवता त्रुटीच देते, म्हणजे माझा जुना कोड आज ना उद्या मोडणारच होता.

सर्वांत महागात पडली ती कोरुटीनमध्ये (अवेटवर थांबून लूपला दुसरे काम करू देणाऱ्या फंक्शनमध्ये) राहून गेलेली एक साधी, ब्लॉक करणारी, म्हणजे लूपला मोकळे न सोडता अडवून धरणारी कॉल. लूप एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे ती कॉल संपेपर्यंत बाकीची सगळी कामे खोळंबत, आणि लॉगमध्ये मात्र दोष दूरच्या सर्व्हरांचा दिसे. मीही दोन आठवडे त्यांनाच बोल लावत होतो. डीबग मोड चालू केल्यावर 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या कॉलबॅकची नोंद होऊ लागली आणि चोर घरातच सापडला. ती कॉल टू-थ्रेडकडे सोपवली, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर चालवली. जड आकडेमोडीला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप, जीआयएल, आडवे येते. त्यासाठी वेगळी प्रोसेसच हवी.

दुसरा धडा टास्कचा, म्हणजे लूपकडे चालवायला दिलेल्या कोरुटीनचा. लूप टास्कला कच्च्या संदर्भानेच (वस्तू मेमरीतून पुसली जाण्यापासून न वाचवणाऱ्या, वीक रेफरन्सने) धरून ठेवतो, त्यामुळे क्रिएट-टास्कचे उत्तर कोठेही न साठवल्यास चालू काम मध्येच कचऱ्यात जाऊ शकते. 3.11 मधला टास्कग्रुप वापरू लागल्यापासून ही चिंता मिटली, शिवाय एक काम फसले तर त्याच्या गटातली बाकीची कामे आपोआप रद्द होतात.

यूव्हीलूप, म्हणजे नेहमीच्या लूपऐवजी वापरायचा अधिक वेगवान लूप, लावून पाहिला. आमच्याकडे वेळ नेटवर्कच खात असल्याने फारसा फरक जाणवला नाही.

एक तक्रार शिल्लक आहे : काम अडकले की नेमके कोणत्या अवेटवर अडकले, हे चालू प्रोसेसमधून काढणे जिकिरीचे जाते. 3.14 मध्ये प्रोसेस क्रमांक देऊन टास्कचे झाड पाहण्याची सोय आली आहे, पण आमची सेवा अद्याप 3.12 वरच आहे.