डाउनलोड मोजावेत की माग काढावा?

संशोधनाची विदा (डेटा) सर्वांना वापरता यावी म्हणून सामायिक भांडारावर खर्च झाला. त्याचा समाजाला उपयोग किती? उत्तराच्या दोन वाटा आहेत.

पहिली मोजणीची. किती डाउनलोड, किती शोधनिबंधांत उल्लेख. विदेला डीओआय क्रमांक, म्हणजे तिची कायमची डिजिटल ओळख, असला की हे काम स्वस्तात होतं. पण ही वाचनालयाची नोंदवही झाली: पुस्तक कुणी नेलं ते कळतं, वाचलं का ते नाही. त्यात आमच्या सीमाभागाची वेगळीच गोची. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, इंग्रजीत जुनं स्पेलिंग निराळंच. इथल्या विदेचे उल्लेख एकाच नावानं शोधलेत तर निम्मा वापर हिशेबातून निसटायचा!

दुसरी वाट माग काढण्याची, म्हणजे विदा पुढे कुठे आणि कशी कामी आली ते शोधण्याची. प्रोटीन डेटा बँक हे प्रथिनांच्या रचनांचं भांडार. ती १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. पुढे तिच्याच साठ्यावर अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी एआय प्रणाली, शिकलं आणि २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याच्या कर्त्यांना वाटा मिळाला. सुरुवातीच्या कुठल्या मोजणीत हे दिसलं असतं? लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची पृथ्वीची चित्रं २००८ पासून फुकट मिळू लागली. खानापूरचा ऊस उत्पादक ती कधी उघडणार नाही. पण त्यांवरून केलेला पीक-नकाशा त्याच्या कामी येऊ शकतो. डाउनलोडच्या आकड्यात तो शेतकरी नसतोच.

माग काढायला वर्षं लागतात, श्रेय कुणाला किती यावर वाद होतात, आणि फसलेल्या गोष्टी कुणी सांगत नाही. तरी वार्षिक अहवालापुरती मोजणी ठेवून, निधी चालू ठेवायचा की नाही हे मी मागावरूनच ठरवीन.