फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी: ब्लॉटसाठी उत्तम, सूक्ष्मदर्शकाखाली बेताची

पेशीला वाढीचा संदेश मिळाला की ईआरके-१ या प्रथिनातील २०२व्या थ्रिओनिनवर आणि २०४व्या टायरोसिनवर (ही दोन्ही अमिनो आम्ले) फॉस्फेट बसतो; ईआरके-२मध्येही अशाच दोन जागा असतात. एका फॉस्फेटने वजन जेमतेम ८० डाल्टनने वाढते, आणि ४४ व ४२ किलोडाल्टनच्या या प्रथिनांत फॉस्फेट बसला की नाही हे ओळखण्यासाठी तेवढ्या फरकावर विसंबून चालत नाही. म्हणून दोन्ही फॉस्फेटांसह ती जागा ओळखणारी, सशापासून तयार केलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी (ठरावीक जागेलाच चिकटणारे प्रथिन) आम्ही नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेसाठी मागवली.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत, ती पूर्ण विश्वासाला उतरली. सीरमविना ठेवलेल्या हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशी) काही मिनिटे ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन दिल्यावर दोन ठसठशीत बँड उमटले. यू०१२६ हे एमईके-रोधक (ईआरकेवर फॉस्फेट बसवणाऱ्या एमईके एन्झाइमला अडवणारे रसायन) आधी दिलेल्या पेशींत, तसेच लॅम्डा फॉस्फटेजने फॉस्फेट काढून टाकलेल्या लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणात) ते दिसेनासे झाले, आणि एकूण ईआरके मात्र सर्व लेनमध्ये सारखेच राहिले. पेशी फोडण्याच्या लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट व सोडियम फ्लोराइड ही फॉस्फटेज-रोधके नसतील, तर पेशींतील फॉस्फटेज एन्झाइम्स आपला कार्यभाग आधीच उरकतात आणि दोष विनाकारण अँटिबॉडीच्या माथी येतो. ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अँटिबॉडी पडद्यावर भलतीकडे चिकटू नये म्हणून, दुधाची भुकटी स्वस्त पडते खरी, पण दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने पार्श्वभूमी काळवंडू शकते. येथे बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) वापरणेच श्रेयस्कर. माहितीपत्रकात ही सूचना इतक्या बारीक अक्षरांत आहे, की ती कोणी वाचू नये अशीच योजना असावी.

ही अँटिबॉडी इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे पेशींतील प्रथिन चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, चालते हा माहितीपत्रकातील दावा मात्र मला पटलेला नाही. यू०१२६ दिलेल्या पेशींच्या केंद्रकातही फिकट चकाकी उरते आणि पातळ द्रावण वापरूनही ती जात नाही. माहितीपत्रकात या उपयोगापुढे बरोबरची खूण आहे, परंतु रोधक दिलेल्या पेशींचे एकही चित्र दिलेले नाही.

पार्सल मे महिन्यात आले, तेव्हा बर्फाच्या पिशव्यांचे कोमट पाणी झाले होते. ५० टक्के ग्लिसरॉलमधील अँटिबॉडी त्यातूनही तगली, हे तिचे श्रेय, विक्रेत्याचे नव्हे. विदर्भाच्या उन्हाळ्यात मागवायचीच असेल, तर माल आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करण्याची अट लेखी घालावी, म्हणजे शनिवार-रविवार तो गोदामात तापत पडणार नाही. केवळ ब्लॉटसाठी मी ती पुन्हा घेईन, तीही लहान कुपीच.