शहापुरातलं मेडिकल: पाचपैकी चार तारे

बीपीची गोळी आमच्या बेळगावात, अनगोळात गल्लीच्या तोंडाला मिळत असताना शहापूरपर्यंत कशाला जाता, असं घरात अजून विचारतात. जातो, कारण कपिलेश्वर रोडकडच्या त्या मेडिकलातली पोरगी चिठ्ठी वाचते. बाकीचे चिठ्ठी बघतात आणि मागं वळून डबा काढतात.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. माझी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, आतून चिरली होती, डॉक्टर लोक डिसेक्शन म्हणतात ते. जन्म उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात गेल्यामुळं मला ते चटकन उमगलं. होजचं, म्हणजे तेलाच्या रबरी पाइपचं, आतलं अस्तर फाटलं की तेल दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि प्रेशरच्या दर ठोक्याला अस्तर पुढं सोलत जातं. हृदयातून वर निघणाऱ्या भागात चीर असली की टाइप ए, तिथं तातडीनं ऑपरेशनच. माझी पाठीकडं उतरणाऱ्या भागात, टाइप बी. कुठल्या अवयवाचं रक्त अडलेलं नव्हतं, म्हणून औषधांवर निभावलं.

आयसीयूत आधी एस्मोलॉलची ड्रिप लावली, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरची. नाडी 60 च्या खाली आणि वरचं प्रेशर 100 ते 120 मध्ये, एवढंच त्यांचं लक्ष्य. नाडी उतरल्यावर मग काळ्या कागदात गुंडाळलेली दुसरी सिरिंज आली, नायट्रोप्रुसाइडची. उजेडानं खराब होतं म्हणून तो कागद. हे प्रेशर उतरवणारं औषध आधीच का नाही दिलं, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नुसत्या रक्तवाहिन्या सैल केल्या की हृदय उलट जास्त जोरात धावतं, ठोक्याचा झटका वाढतो आणि चीर लांबते. म्हणून बीटा ब्लॉकर पहिला. एस्मोलॉल बंद केलं की काही मिनिटांत उतरतं, त्यामुळं त्यांना कमीजास्त करायला सोपं. वर मॉर्फिन होतंच, कारण दुखण्यानंसुद्धा प्रेशर चढतं.

घरी सोडलं ते मेटोप्रोलॉल (हाही बीटा ब्लॉकरच), अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ह्या प्रेशरच्या गोळ्यांवर. आणि खरी परीक्षा मेडिकलवाल्यांची तिथून पुढं.

एका दुकानात (नाव घेत नाही) मला मेटोप्रोलॉल टार्ट्रेट दिलं, चिठ्ठीवर सक्सिनेट असताना. "औषध एकच हो, कंपनी वेगळी." शहापुरातल्या पोरीनं ती पट्टी हातात घेतली, उलटी करून बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "काका, ही ती नव्हे. तुमची दिवसभर हळूहळू सुटणारी, एकदाच घ्यायची. ही लवकर उतरते, दोनदा घ्यावी लागते." सक्सिनेट चावून किंवा कुटून घ्यायची नाही हेही तिनंच सांगितलं. माझी बायको तोवर खलबत्ता काढायच्या बेतात होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. खोकल्यासाठी एका दवाखान्यात लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं होतं. तिनं विचारलं, "काका, ह्या डॉक्टरना तुमच्या महाधमनीचं सांगितलंय काय?" मी कुठं सांगितलेलं! तिनं काउंटरवरूनच फोन लावला आणि त्यांनी औषध बदलून दिलं. ह्या जातीच्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, डिसेंबर 2018 मध्येच इशारा दिलेला आहे: महाधमनीचा आजार असलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, देऊ नका. सर्दीची गोळी मागितली तरी ती आधी त्यात फिनाइलएफ्रिन आहे का बघते, कारण त्यानं प्रेशर वर जातं.

पट्टी अर्धी कापायची वेळ आली तर तारीख छापलेली बाजू गिऱ्हाइकाला, कोरी बाजू दुकानात. एवढं साधं काम बाकी कुणी करताना मी पाहिलं नाही. यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला जायच्या आधी मात्र तिनं मला दटावलंच. बीटा ब्लॉकर एकदम बंद पडला की नाडी आणि प्रेशर दोन्ही उसळतात, त्यामुळं दोन जास्तीच्या पट्ट्या पिशवीत घातल्याशिवाय सोडलं नाही.

आता एक तारा का कापला. गाडी लावायला जागा नाही, बाजाराच्या गर्दीत तर स्कूटरही उभी राहात नाही. सवलत मागितली की मालक छताकडं बघतात. अॅम्लोडिपिन जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त पडतं आणि ते मी तिथूनच घेतो, त्याचंही त्यांना वाईट वाटत नाही म्हणा. पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, बोलणं मराठीत, ह्याला मात्र बेळगावात कोण तक्रार म्हणणार? दुपारी दुकान बंद असतं आणि ती पोरगी नसेल तेव्हा मालकांचा भाचा बसतो. तो नुसता डबा काढतो. म्हणून सकाळी जा, आणि चिठ्ठीबरोबर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स न्या.