पॉप-अप कॅम्परच्या दुरुस्तीला जिग: प्लायची की लोखंडाची?

बोलेरो पिकअपवर किंवा छोट्या ट्रेलरवर बसवलेल्या पॉप-अप कॅम्परचं, म्हणजे छत वर उचलता येणाऱ्या फिरत्या घराचं, छत तिरकं बसायला लागलं, की बहुतेकदा छत उचलणाऱ्या कात्रीचा एखादा आर्म (दांडा) वाकलेला असतो, नाहीतर पिव्होटचं, म्हणजे आर्म ज्या पिनेभोवती फिरतो तिचं, छिद्र लांबट झालेलं असतं. नवा आर्म टेपने मोजून, पंच मारून हँड ड्रिलने पाडायला गेलं तर बीट सुरुवातीलाच अर्धा-एक मिमी सरकतो. आर्म आडव्यापासून ३० अंशांवर असताना दोन छिद्रांच्या सेंटरमधल्या अंतरात एका मिमीची चूक झाली, तर तिचे उंचीत दोन होतात. छत जितकं खाली, तितका फरक जास्त. म्हणून चारही आर्म एकाच जिगमधून, म्हणजे तुकडा जागेवर धरणाऱ्या आणि बीटला नेमकी जागा दाखवणाऱ्या साच्यातून काढायचे. जिग कशाची करायची, हे एकाच गोष्टीवर ठरतं: जॉब (इथे आर्म) जिगमध्ये असताना त्यावर वेल्डिंग करायचंय का?

नसेल, तर प्लाय. १९ मिमी जाडीचा, शक्यतो वॉटरप्रूफ ग्रेडचा तुकडा घ्या. आर्मपेक्षा १०० मिमी लांब आणि १५० मिमी रुंद. चांगला आर्म त्यावर ठेवून दोन्ही सेंटर उतरवा आणि तिथे २२ मिमीची छिद्रं पाडा. प्रत्येक छिद्रात ६०८ नंबरचे दोन बेअरिंग एकावर एक ठोकून बसवा. आतलं भोक बरोबर ८ मिमी आणि पोलाद कडक, त्यामुळे बीटला १४ मिमी लांबीची सरळ वाट मिळते. वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक भागांतल्या भंगारात हे बेअरिंग सहज सापडतात. बरेच जण बेअरिंगऐवजी नट चिकटवतात. तो मऊ असतो, बीट त्याचे आटे खातो आणि तिसऱ्या-चौथ्या आर्मला छिद्र ढिलं येतं.

प्लायचं दुखणं हवेचं. मे महिन्यात उन्हात टाकलेला तुकडा एका अंगाने वाकतो आणि पावसाळ्यात कडेने फुगतो. कडांना दोन हात ऑइलपेंट द्या आणि जिग घरात आडवी ठेवा.

आर्मला बुश (पिव्होटच्या छिद्रातली नळी) किंवा पट्टी वेल्ड करायची असेल, तर प्लाय जळतो. तिथे लोखंडच हवं. ७५×४० चा सी-चॅनल बेस म्हणून उत्तम, कारण तो मुळात सरळ असतो. चौकोनी पाइपची फ्रेम स्वस्त पडते, पण ती करताना एकाच बाजूने पूर्ण वेल्ड ओढली तर ताणली जाते. चारही कोपऱ्यांना आधी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, कर्ण मोजा, मग आलटून-पालटून समोरासमोरचे कोपरे भरा. १८०० बाय १२०० च्या फ्रेमचे दोन्ही कर्ण २१६३ मिमी यायला हवेत. आर्म जागेवर धरणाऱ्या जिगच्या पिना वेल्ड करू नका, वेल्ड त्यांना आपल्याकडे खेचते, नट-बोल्टने आवळा. गावात सिंगल फेजवर व्होल्टेज पडलं की टाका वरवर चिकटतो आणि जिग ठोकताना सुटतो. त्यामुळे लोखंडी जिग एखाद्या ट्रॉली बनवणाऱ्याच्या शेडमध्ये करून घेतलेली बरी.

वेल्डिंग करून थंड झालेला आर्म आखडतो. म्हणून आधी लोखंडी जिगमध्ये वेल्डिंग, आणि पिव्होटचं छिद्र शेवटी प्लायच्या जिगमधून. दोन्ही जिगवर डावा-उजवा ऑइलपेंटने मोठा लिहा. आर्म एकमेकांचे आरसे असतात आणि चारही डावेच बनवून बसणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक.

छताच्या अॅल्युमिनियम रेलला छिद्रं पाडायची असतील तर सकाळी, सावलीत पाडा. दोन मीटरची रेल २० अंशांच्या फरकाने जवळजवळ ०.९ मिमी वाढते, लोखंडी जिग त्याच्या निम्मीच. कापडाच्या आयलेटना मात्र जिग कसली, कार्डबोर्डची पट्टी पुरे.

काम चालू असताना छताखाली टेकू म्हणून लाकूडच बरं. चारही टेकू एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी कापा म्हणजे उंची सारखी येते, आणि डोक्याला यू आकाराची खाच ठेवा. लोखंडी टेलिस्कोपिक टेकू उंचीला सोयीचा, पण ४० च्या पाइपमध्ये ३२ चा हलतो आणि पत्र्याला खड्डा पाडतो. कोणताही वापरा, टेकू छताला फक्त वरच धरतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात छत पतंगासारखं उचललं जातं, तेव्हा चारही कोपऱ्यांतून चेसिसला रॅचेट बेल्ट आवळल्याशिवाय खाली हात घालू नका.