पडवी: लांब-अरुंद की आखूड-ऐसपैस?

गावच्या घराला पडवी काढायची म्हटलं की पहिला वाद मापावरून. 21 बाय 8, म्हणजे पुढच्या अख्ख्या भिंतीला लागून. की 14 बाय 12, एका अंगाला? क्षेत्रफळ दोन्हींचं 168 चौरस फूटच, आणि चिरे, कौलं, फरशी धरून खर्चातही मला फारशी तफावत दिसली नाही. मी दोन्हींत राहिलोय. आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या घराची पडवी 8 फुटी होती, नवं घर बांधलं तेव्हा 12 फुटी घेतली. तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघडच आहे, पण लांब पडवीची बाजूही सांगतो.

दिसायला लांब पडवीच छान. रस्त्यावरून घर भरल्यासारखं वाटतं, पुढच्या सगळ्या खिडक्या सावलीत येतात. बाग असेल तर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भिंतीलगत एका ओळीत लागतात.

त्रास एकच, पण रोजचा. जुन्या पडवीला दर्शनी बाजूने सव्वा फुटाचा कट्टा होता. तो वजा जाता उरले पावणेसात फूट. त्यात भिंतीशी अण्णांची आरामखुर्ची. ते पाय लांब करून पेपर वाचायचे आणि दार पडवीच्या मधोमध. दूधवाला आला, पाय आवर. आई तुळशीला पाणी घालायला निघाली, पाय आवर. आम्ही पोरं तर दिवसातून वीस खेपा. अण्णा पेपर खाली न घेताच गुडघे जवळ ओढायचे, माणूस गेला की पुन्हा पाय पसरायचे. शेवटी शेवटी त्यांनी खुर्चीच मागच्या दारी नेली. पडवी 21 फूट लांब, पण निवांत बसायला जागा म्हणाल तर नाही, कारण सगळी पडवी म्हणजे वाटच होती.

झोपाळ्याचंही तेच. भिंतीला समांतर टांगला तर झोका भिंतीवर आपटायचा. काटकोनात टांगला तर पाच फुटी फळीने वाट अडायची. आम्ही दोन्ही करून पाहिलं आणि शेवटी कड्या नुसत्याच लटकत राहिल्या.

नव्या घरात दार पडवीच्या एका कोपऱ्याला घेतलं. त्या कडेने तीन फुटांची वाट सोडली, बाकीच्या जागेतून कोणाला जायचं कारणच उरलं नाही. गणपतीत भजनाला माणसं गोल बसतात. जुन्या घरी एसटीत बसल्यासारखी रांगेत बसायची आणि टाळ वाजवणाऱ्याला पखवाजवाला दिसायचा नाही. पंगतीचा हिशेब तर मलाही आधी पटला नव्हता. माणशी दोन फूट धरा. 21 फुटांत एकच ओळ, दहा पानं, कारण समोरासमोर मांडली तर वाढप्याला मधून जाता येत नाही. 12 फुटांत दोन ओळी समोरासमोर, सात आणि सात, चौदा पानं, आणि आमटीची बादली घेऊन मधून जायला ऐसपैस जागा. जागा तेवढीच, पानं चार जास्त.

आता 12 फुटांची खोड. घराचं छप्पर तसंच पुढे उतरवलं तर कौलांच्या उतारामुळे पागोळीची कड खाली येते. आमच्या सुताराने दोन फुटांना एक फूट उतार धरला होता. म्हणजे 8 फुटांऐवजी 12 गेलात की कड दोन फूट आणखी खाली. भिंतीशी उंची पुरेशी ठेवली नाही, तर उंच पाहुणा वाशाला डोकं आपटणार हे नक्की. माजघरही काळोखं होतं. आम्ही दोन काचेची कौलं बसवली, तेवढ्यावर भागलं. पण हीच खाली आलेली कड पावसाळ्यात उपयोगी पडते. जुन्या पडवीत जुलैतली नैऋत्येची झड पार भिंतीपर्यंत यायची आणि ताडपत्री बांधून आम्ही अंधारात बसायचो. आता बाहेरच्या बाजूचे तीनेक फूट भिजतात, झोपाळा कोरडा राहतो. घराचं तोंड पूर्वेला असेल तर हा मुद्दा बहुधा तुम्हाला तितका लागू नाही.

घरात दोघंच माणसं असतील किंवा पडवी मुख्यतः पेट्या न् सुपारी ठेवायला हवी असेल, तर मी लांबच घ्या म्हणेन. दोन्हींतलं मधलं, 10 फुटी करावं का असं बरेच जण विचारतात. झोपाळा नको असेल तर चालेल.

मात्र जोत्याचा चर खणण्याआधी अंगणात फक्कीने खरं माप आखा. आत घरातल्याच खुर्च्या मांडा, एकाला पाय लांब करून बसवा आणि दुसऱ्याला भरलेली कळशी घेऊन दारापर्यंत जायला सांगा. आमच्याकडे कळशी घेऊन आई गेली होती. 8 फुटांच्या आखणीत ती दोन पावलांवर थांबली आणि सवयीने म्हणाली, "अहो, पाय."