‘ग्रीन झोन पास’ नावाचा कागद: ठाणे-नवी मुंबईत जुनी पेट्रोल गाडी असेल तर वाचा

आधी मुद्द्याचं सांगते. आम्हाला ‘लो एमिशन झोन’चा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मनाई किंवा दंड असलेल्या भागाचा, पास विकला गेला तेव्हा ठाण्यात असा कुठलाही झोन नव्हता. हे लिहितेय तेव्हाही नाही. ठाण्यात नाही, नवी मुंबईत नाही, मुंबईतही नाही. झोनच नाही म्हटल्यावर त्याचा पास नाही, स्टिकर नाही आणि ‘आत्ता घ्या, नंतर दुप्पट होईल’ असली सवलतही नाही. तरीही घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एका रविवारी या पासचं रीतसर शिबिर भरलं आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, त्यात साडेचार हजार रुपये मोजले. ते एकटेच नव्हते. जुन्या गाड्यांचे बहुतेक मालक रांगेत होते.

ही २०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. ते वर्ष लक्षात घ्या, कारण सगळा खेळ त्या वर्षाच्या बातम्यांवर रचलेला होता. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट सक्तीच्या झाल्या होत्या, तारखा पुन्हा पुन्हा वाढत होत्या. गाडीला सरकारी काहीतरी लावून घ्यायचंय आणि मुदत संपत आलीय, ही भावना लोकांच्या अंगवळणी पडली होती. त्यात आणखी एक स्टिकर आला तर कोण चौकशी करतो?

आलेले दोघं चांगले बोलणारे होते. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, सोबत व्हॅनमध्ये पीयूसीचं यंत्र. बॅनरला तिरंगी कडा. कमिटीला त्यांनी आधी पत्र दिलं होतं, जागेचे पैसेही भरले होते.

नानांची गाडी २००९ ची वॅगन-आर, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षं भरल्यावर २०२४ मध्ये आरटीओत नेऊन, तपासणी करून, पाच हजारांचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवलेली. गाडीचं काम काय, तर बाजारहाट आणि मुलुंडला लेकीकडे जाणं. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं. “काका, मुलुंडला जाता ना? टोल गेला म्हणून खूश होऊ नका. नाक्यांवरचे सांगाडे अजून का ठेवलेत सांगा बरं? तिथेच कॅमेरे बसणारेत. १ जानेवारीपासून पास नसलेली जुनी गाडी नाका ओलांडली की दंड थेट मोबाइलवर.”

मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, हे खरंच आहे. त्याच्या बोलण्यातली बरीच वाक्यं अशी खरी होती. त्याने कात्रणं दाखवली: मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाबद्दल सरकारला फटकारलं, त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. हेही खरं. पण समितीचं काम होतं महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करणं शक्य आहे का याचा अभ्यास करण्याचं. समिती नेमली म्हणजे बंदी लागू झाली, हा जोड त्याचा स्वतःचा. दुसरं कात्रण दिल्लीचं होतं. तिथे १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा आदेश निघाला होता. लोकांच्या ओरड्यानंतर तो काही दिवसांतच थांबवला गेला, हा भाग त्या कात्रणात नव्हता.

मग आलं लंडन. टॅबवर तिथल्या झोनचा नकाशा आणि त्याखाली एक ओळ: पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असेल तर चालते. “तुमची २००९ ची आहे काका, तुम्ही आरामात बसता. फक्त चाचणी आणि प्रमाणपत्र हवं.” नानांना हे पटलं, आणि पटण्यासारखंच होतं. त्यात खोच कुठे होती ते पुढे सांगते, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार थाप तीच होती.

आता चाचणी. गाडी आदल्या दिवसापासून पार्किंगमध्ये उभी होती. तिथून ती थेट व्हॅनजवळ आणून नळी सायलेन्सरमध्ये घातली. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के, हायड्रोकार्बन हजाराच्या घरात, दोन्ही आकडे लाल. आजूबाजूला दोन-चार जण “अरे बापरे” म्हणाले. मग एक छोटी निळी बाटली आली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नाक तयार आहे. झाकण उघडताच नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला. ते पेट्रोलच्या टाकीत ओतलं. “औषध इंजिनात भिनायला वीस मिनिटं लागतात, गाडी चालू ठेवा, मधे थोडी रेस द्या.” चहा झाला. पुन्हा नळी घातली. आकडा ०.१ वर, हायड्रोकार्बन शंभराच्या खाली, दोन्ही हिरवे. टाळ्या वाजायच्याच बाकी राहिल्या.

नानांना एक लॅमिनेट केलेलं ‘ग्रीन झोन अनुपालन प्रमाणपत्र’ मिळालं, पाच वर्षं वैध, आणि काचेला लावायचा स्टिकर. “हा पास असला की पीयूसी वेगळी काढायची गरज नाही,” असंही सांगितलं. पैसे क्यूआरवर. स्कॅन केल्यावर नाव आलं ते मोबाइल ॲक्सेसरीजच्या एका दुकानाचं. विचारलं तर “आमचं बिलिंग पार्टनर आहे.”

डिसेंबरात तीन हात नाक्यावर नाकाबंदीत गाडी अडवली. चालवत मी होते. हवालदारांनी यंत्रात नंबर टाकला आणि पीयूसी संपलेली निघाली. मी प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, मग काचेवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. “ताई, गाडी किती सालची?”

“२००९.”

“मग ही हिरवी पट्टी कुठून आली?”

हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि बऱ्याच जणांना नसेल म्हणून सविस्तर सांगते. नव्या नंबरप्लेटसोबत काचेवर आतून लावायचा जो स्टिकर येतो, तो पेट्रोल आणि सीएनजी गाडीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी असतो. भारत स्टेज (गाडीच्या धुराचं सरकारी मानक) ६ ची चारचाकी असेल तर त्यावर वरच्या बाजूला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. भारत स्टेज ६ देशात एप्रिल २०२० ला आलं. म्हणजे २००९ च्या गाडीवर ती पट्टी असूच शकत नाही. आमच्या स्टिकरची निळी छटा, होलोग्राम, छपाई सगळं अगदी अस्सल वाटावं असं होतं आणि पट्टी मात्र गाडीच्या वयाशी विसंगत. ई-चलान आलंच. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, शिवाय परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. ‘पास असेल तर पीयूसी नको’ या एका वाक्याची किंमत साडेचार हजारांहून मोठी ठरू शकते ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाजवळच्या पीयूसी केंद्रावर गेले. तिथल्या दादांना सगळी कथा सांगितली. ते हसले, म्हणाले, “गाडी रात्रभर उभी होती ना? मग आत्ताच बघू.” घरापासून पंप हाकेच्या अंतरावर, इंजिन अजून गारच. नळी घातली, आकडे लाल. “आता कापूरबावडीपर्यंत फेरी मारून या.” आले. नळी घातली, आकडे हिरवे. “बाटली लागली का?”

कारण साधं आहे. गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल दिलं जातं, ते पुरतं जळत नाही. धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत सिरॅमिकची बारीक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. तो अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तापला की विषारी वायूंचं प्रमाण आपोआप कोसळतं. शिबिरातल्या त्या वीस मिनिटांत औषध भिनत नव्हतं, कन्व्हर्टर तापत होता. वाईट आकडा गार गाडीचा, चांगला आकडा गरम गाडीचा, आणि मधल्या बाटलीचं बिल नानांच्या नावावर. पीयूसीची चाचणी इंजिन गरम असतानाच घ्यायची असते.

दादांनी खरी पीयूसी सव्वाशे रुपयांच्या आसपास दिली. नंबरप्लेटसह गाडीचा फोटो काढला, नोंद तिथल्या तिथे परिवहनच्या यंत्रणेत गेली, कागदावर क्यूआर आला. आणि मुदत सहा महिने. भारत स्टेज ४ आणि ६ च्या गाड्यांना एक वर्षाची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिन्यांची. जुन्या गाडीला पाच वर्षं चालणारं प्रदूषणाचं प्रमाणपत्र कोणी देत असेल तर तिथूनच परत फिरायला हरकत नाही.

आता ती लंडनची थाप. माझा मावसभाऊ तिकडे राहतो, त्याच्याकडे २००७ ची पेट्रोल गाडी आहे आणि झोनचा एक पेनीही तो भरत नाही. त्याला फोन करून सगळं नीट समजून घेतलं. तिथला झोन २०१९ मध्ये मध्यवर्ती भागात सुरू झाला, ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनला लागू झाला. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. युरो हे तिकडचं धुराचं मानक: पेट्रोल गाडी युरो-४ हवी, डिझेल युरो-६. म्हणून तिथे २००६ ची पेट्रोल गाडी फुकट फिरते आणि २०१४ ची डिझेल पैसे भरते. जुनी पेट्रोल गाडी झोनमध्ये बसू शकते, हे खरंच आहे. जर्मनीत तर कन्व्हर्टर असलेल्या नव्वदीच्या दशकातल्या पेट्रोल गाड्यांनाही हिरवा स्टिकर मिळतो.

पण २००६ ही तारीख आहे युरो-४ ची, आणि युरोपातली. आपल्याकडे त्या तोडीचं भारत स्टेज ४ मुंबईसारख्या महानगरांत एप्रिल २०१० ला आलं आणि देशभर एप्रिल २०१७ ला. नानांच्या २००९ च्या गाडीच्या नोंदीत भारत स्टेज ३ आहे. त्यामुळे लंडनचा नियम जसाच्या तसा ठाण्यात आणला असता तरी ही गाडी त्यात बसली नसती. त्या माणसाने फक्त साल जुळवून दाखवलं, मानक नाही.

शिवाय असा झोन गाडीचा आजचा ताप बघत नाही, जन्मदाखला बघतो. लंडनला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि गाडी बनली तेव्हाचं मानक नोंदीतून काढतो. पास घ्यायचाच नसतो. २००६ च्या आधीची एखादी गाडी मानकात बसत असेल तर त्याचा पुरावा म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीचा कागद चालतो. दिल्लीत हवा बिघडल्यावर भारत स्टेज ३ च्या पेट्रोल गाड्या रस्त्यावरून हटवतात, तेव्हाही गाडी किती स्वच्छ धूर सोडतेय हे कुणी विचारत नाही. आपल्या गाडीचं मानक एम-परिवहन ॲपवर फुकट दिसतं. ते बाटलीने बदलत नाही, ट्यूनिंगने बदलत नाही. मंजुरी असलेलं सीएनजी किट बसवून आरसीवर इंधनाची नोंद बदलता येते, मंजूर किटने गाडी विजेवरही नेता येते. पण दोन्ही कामं आरटीओच्या नोंदीशिवाय पूर्ण होत नाहीत, सोसायटीच्या आवारात तर नाहीतच.

तक्रारीबद्दल थोडक्यात. पैसे यूपीआयने गेले होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. तोवर मधे बरेच आठवडे गेले होते, खातं केव्हाच रिकामं झालं होतं. तुमच्याबाबत हे घडलं तर १९३० ला त्याच दिवशी फोन करा, पैसे खात्यात असतील तरच ते गोठवता येतात. आमच्या कमिटीने ‘आम्ही केवळ जागा उपलब्ध करून दिली’ असं पत्र नोटीस बोर्डावर लावलं. जागेचं भाडं घेतलं होतं, त्याचा उल्लेख पत्रात राहून गेलाय.

नाना सुरुवातीला गप्प होते, आता प्रत्येक शेजाऱ्याला कन्व्हर्टर समजावून सांगतात. स्टिकर मी ब्लेडने खरवडून काढला आणि प्रमाणपत्र अर्जाला जोडलं.

परवा ऐरोलीच्या एका मैत्रिणीने त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो पाठवला. बॅनरवरचं नाव बदललंय, तिरंगी कडा तीच, टेबलावर निळ्या बाटल्यांची रांग तीच. तुमच्याकडे हे शिबिर आलं तर गाडी पामबीचवर नीट फिरवून, गरम करून न्या आणि बाटली उघडायच्या आधी पहिली चाचणी घ्यायला सांगा.