विलायती म्हणून गळ्यात मारलेली ईशापुरी

जुनी रायफल घ्यायच्या बेतात असाल आणि ती ‘नवाबाची’, ‘साहेबाच्या हातची’ असल्याचं कुणी सांगत असेल, तर आधी हे वाचा, मग बयाणा द्या. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या साध्या .315 रायफलीसाठी साडेतीन लाख मोजायला लावले. वर तिच्या ‘तयारी’चे साठ हजार वेगळे. अण्णा उदगीरकडचे बागायतदार, व्यवहाराला पक्के. बैलाचे दात बघितल्याशिवाय बैल घेणार नाहीत. त्यांना असं फसवायचं तर तयारी दांडगीच हवी, आणि ती तशी होती.

आमच्या आजोबांकडे निझामाच्या राजवटीत एक बीएसए, म्हणजे विलायती शिकारी रायफल होती. पोलिस ॲक्शननंतर शस्त्रं जमा झाली त्यात तीही गेली. परत काही आली नाही. घरात तिचा विषय निघाला की अण्णांचा आवाज बदलतो. ही गोष्ट त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगितली. काही महिन्यांनी तोच माणूस घरी आला. म्हणाला, “अण्णा, तुमच्या वडिलांकडं होती तशीच एक बीएसए निघालीय बघा. जुन्या जहागिरदाराच्या घरची. पोराला ठेवायची नाही, परवाना परत करायलाय.” आधी गिऱ्हाइकाच्या मनातलं काढून घ्यायचं आणि मग नेमकी तीच वस्तू ‘निघाली’ म्हणून सांगायचं, हा या धंद्याचा पाया आहे. अण्णांनी आजोबांच्या मॅन्लिखरची, म्हणजे ऑस्ट्रियन रायफलीची, आठवण काढली असती तर मॅन्लिखर निघाली असती.

हा डाव बसला कसा ते समजायला थोडा इतिहास लागतो. इंग्रजांच्या काळात .303 हे लष्करी काडतूस इथल्या सामान्य माणसाला मिळत नसे. आजही .303 प्रतिबंधित बोअरमध्येच (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) येतं. म्हणून विलायतेतल्या कारखान्यांनी हिंदुस्थानसाठी लष्करी ली बोल्टच्याच (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) शिकारी रायफली दुसऱ्या बोअरमध्ये काढल्या. त्यातला एक 8 मिलिमीटरचा, म्हणजेच आपला .315. मूळ हे ऑस्ट्रियाच्या फौजेचं मॅन्लिखर काडतूस. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या ‘ली-स्पीड’ रायफली याच घराण्यातल्या. जेम्स पॅरिस ली आणि जोसेफ स्पीड या दोघांच्या नावांवरून हे नाव पडलं. बारीक नळी, अर्धा कुंदा, पिस्तुलासारखी मूठ, नळीवर 100, 200, 300 यार्डांवर नेम धरायची उघडझाप करणारी पानं. देखणी चीज. पुढे स्वतंत्र भारतात बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं त्याच ली बोल्टवर .315 काढली. परवानाधारक शेतकऱ्याकडे आज रायफल असली तर बहुतेक वेळा हीच असते, आणि काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची. मजबूत आहे, उपयोगाची आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण तिला शंभर वर्षांपूर्वीच्या ली-स्पीडची किंमत कुणी देत नाही.

आता डाव बघा. बोअर तोच, बोल्ट त्याच जातीचा. अण्णांनी लहानपणी थोरल्यांकडून ऐकलेली एक खूण होती: बीएसएचा बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या दोन बोटं अंतरात जोर लागतो. खरं आहे, ली बोल्टची स्प्रिंग मिटताना चढते, जर्मन माउझरसारखी उघडताना नाही. अण्णांनी बोल्ट मारला, जोर लागला, डोळ्यांत पाणी आलं. ईशापुरीतही तसाच जोर लागतो, हे त्या बैठकीत फक्त समोरच्या दोघांना, मध्यस्थ आणि विकणाऱ्याला, ठाऊक होतं.

बाकी सजावट मात्र पाहण्यासारखी होती. कुंद्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं: ‘एच. ई. एच. निझामांकडून, दिल्ली दरबार, 1911’. नळीवर बर्मिंगहॅमच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि तिवईसारख्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची बीएसएची खूण. जुन्या कातड्याची पेटी, आत कलकत्त्याच्या रॉड्डा कंपनीचं लेबल. हे रॉड्डा म्हणजे 1914 साली ज्यांच्या मालातली 50 माउझर पिस्तुलं बंगाली क्रांतिकारकांनी पळवली, तेच. मध्यस्थानं ही गोष्टसुद्धा रंगवून सांगितली. गोष्ट खरीच आहे, फक्त त्या पेटीशी तिचा काही संबंध नव्हता.

मी शाळेत इतिहास शिकवतो. सौदा झाल्यावर रायफल घरी आली तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि ती पट्टीच डोळ्यांत खुपली. 1911 च्या दरबाराला नवे निझाम मीर उस्मान अली खान गेले होते हे बरोबर. पण एच. ई. एच., म्हणजे ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा किताब इंग्रजांनी त्यांना 1918 मध्ये दिला. सात वर्षं आधी तो चांदीवर कोरायचा तर कारागीर ज्योतिषी हवा. शिवाय पट्टी ज्या दोन स्क्रूंनी बसवली होती ते स्टार स्क्रू. फुलीच्या खाचेचे हे स्क्रू 1930 नंतर बाजारात आले. जुन्या विलायती बंदुकीवर एका रेघेच्या बारीक खाचेचे स्क्रू असतात आणि चांगल्या कारागिरानं त्या सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं ओळीत लावलेल्या असतात. पेटीतल्या लेबलवर ओलं बोट फिरवलं, निळी शाई बोटाला आली.

अण्णा म्हणाले, “पट्टी मागून बसवली असंल. रायफल तर खरीच हाय ना?”

म्हणून सोलापूरच्या एका जुन्या परवानाधारक गनस्मिथकडे गेलो. त्यांनी रायफल हातात घेऊन नुसती वरून न्याहाळली नाही, टेबलावर आडवी ठेवून आधी नळीवरच्या अक्षरांवरून नख ओढलं. नख अडकलं. कारखान्यात अक्षरं ठोकल्यावर नळी घासून मग तिला निळा रंग चढवतात, त्यामुळे जुन्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत असतात आणि खाचेतही तोच निळा रंग असतो. इथे कडांना बारीक धार होती. थिनरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर अक्षरांतला काळा रंग सुटला आणि खाली पांढरं, ताजं कापलेलं लोखंड चमकलं. नेमाच्या पानांखाली सोल्डरचा चंदेरी ओघळ, म्हणजे तीही मागून चिकटवलेली. अण्णा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “काय बघूलालाव एवढं?” त्यावर गनस्मिथनी विचारलं, “मुकुट कुठाय, मालक?”

मुकुटाचं असं आहे. विलायतेत कुठलीही बंदूक सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून तपासल्याशिवाय विकता येत नाही. तपासणीचे ठसे नळीवर ठोकतात. त्या काळच्या बर्मिंगहॅमच्या मालावर मुकुट आणि त्याखाली बी. पी., बी. व्ही., एन. पी. अशी अक्षरं असतात. लंडनच्या ठशांत मुकुटाखाली जी. पी. आणि व्ही., शिवाय तलवार धरलेला चिलखती हात. या रायफलीवर एकही मुकुट नव्हता. मध्यस्थ आधीच म्हणाला होता, “शंभर वर्षं पुसून पुसून गेलेत ते.” मग नंबराचे आकडे एवढे ठळक कसे राहिले? पुसणारा फडका काय आकडे सोडून फिरत होता?

मग त्यांनी कुंदा उतरवला. लाकडाखाली, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचला नव्हता, तिथे लोखंडावर आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी ईशापूर) ही अक्षरं अर्धी घासलेली दिसली आणि शेजारी सिंहांचा पुसट आकार. 1911 सालच्या दरबाराच्या रायफलीवर अशोकस्तंभ! आमचं राजचिन्ह 26 जानेवारी 1950 ला आलं. अण्णा बराच वेळ भिंग धरून तेवढंच बघत होते.

‘तयारी’ची गोष्ट त्याहून चीड आणणारी. मध्यस्थानं ‘जर्मन’ दुर्बीण, तिला धरणारा माउंट आणि कातडी पट्टा असं सगळं लावून दिलं होतं. ली बोल्टवर दुर्बीण बसवायची तर सहसा डाव्या अंगाला भोकं पाडून माउंट धरावा लागतो. गनस्मिथनी दुर्बीण अंगठ्यानं दाबली, ती डुलली. भोकांचे आटे बिघडलेले होते आणि स्क्रू चक्क एम-सीलनं चिकटवले होते. माझं तर म्हणणं आहे की ही भोकं हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. हातात 1911 ची अस्सल ली-स्पीड असलेला माणूस तिच्या अंगाला ड्रिल लावेल का? तशी रायफल तिच्या मूळ साइटवरच ठेवतात, भोक पडलं की किंमत गेली. आणि अण्णांना दुर्बीण हवी होती कशाला? शिकार 1972 च्या कायद्यानं बंद आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे हरभऱ्यात, उसात येणाऱ्या रानडुकराला थेट गोळी घालायची मोकळीक नव्हे, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

आता कागदांकडे या, कारण खरा फास तिथे आहे. विकणाऱ्यानं रायफलीचा नंबर खोडला नाही. खोडला असता तर ती अण्णांच्या नावावर झालीच नसती. परवान्याच्या जुन्या हस्तलिखित नोंदीत होतं ‘रायफल .315’ आणि नंबर. दोन्ही खरे! म्हणून कलेक्टर कचेरीत फाईल सरळ पुढे गेली. पैशातले ऐंशी हजार चेकनं आणि कागदावर, बाकी रोख. आज विकणारा म्हणतो, “मी .315 विकली, त्यांनी .315 घेतली. विलायती असं मी कुठं लिहून दिलंय?” खोटेपणा फक्त तीन ठिकाणी होता: तोंडात, पट्टीवर आणि नळीवर. तोंडाचा साक्षीदार नाही, पट्टी पेटीसारखीच ‘आम्हाला तशीच मिळाली’.

नळी मात्र त्यांनाही भारी पडू शकते आणि अण्णांनाही. शस्त्र कायदा 1959, कलम 8: बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं, खोटी घालणं गुन्हा आहे. आणि अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ते केलं असं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे फसलेला माणूस गप्प बसला तर उद्या आरोपी तोच. अण्णा इज्जतीपायी तक्रार करायला तयार नव्हते. वकिलांनी हे कलम वाचून दाखवल्यावर त्याच आठवड्यात ठाण्यात गेले. गनस्मिथचा लेखी अभिप्राय, फोटो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार, असं सगळं दिलंय. मध्यस्थानं दुर्बिणीचे साठ हजार गुपचूप परत केले. रायफलीचे पैसे अडकलेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. अण्णांकडे आधीची बारा बोअरची छऱ्याची बंदूक आहे, त्यामुळे ही रायफल दुसरी जागा अडवून बसलीय आणि निकाल लागेपर्यंत ती ना विकता येते ना बदलता येते.

हे सगळं लिहायचं कारण असं की तोच मध्यस्थ अजून फिरतोय. परवा बीडहून एका परवानाधारकाचा मला फोन आला. त्यांना ‘.275 रिग्बी, जिम कॉर्बेटकडे होती तिची जोडीदार’ दाखवली गेलीय, कुंद्यावर पट्टीसकट. कॉर्बेटना चंपावतच्या वाघिणीनंतर .275 रिग्बी मिळाली होती आणि तिच्यावर चांदीची पट्टी होती हे खरं, म्हणूनच ही कहाणी गळी उतरते. मी त्यांना म्हटलं, रिग्बी ही लंडनची कंपनी, तेव्हा आधी लंडनचे ठसे शोधा, थिनर आणि कापूस सोबत न्या. कुंदा उतरवू देत नसेल तर चहा पिऊन उठा. एका परवानाधारकानं दुसऱ्याला हत्यार विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. तपासायला तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. त्या आधी तो बयाणा मागतोय का, असं विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, “सर, पन्नास हजार दिलेत कालच.”